पुलाच्या उत्तरेला

गाडी डावीकडे वळली तेव्हा त्याचं लक्षच नव्हतं. दुपारची वेळ, काचेतून आलेलं ऊन मांडीवर पडलेलं, सकाळची बैठक लांबल्यामुळे डोळे चुरचुरत होते आणि घरी शिंपी येऊन बसलाय असा बायकोचा दोनदा फोन येऊन गेला होता. मग बाहेर एकदम मासे दिसले. रंगीत माशांचं दुकान, दारापर्यंत काचेच्या पेट्या रचलेल्या, आणि एका पेटीत एक नारिंगी मासा काचेला तोंड लावून नुसता उघडझाप करत होता. त्याला वाटलं, हे दुकान आपण कधी पाहिलेलं नाही. रोजच्या रस्त्यावर मासे कुठून आले?

"कुठून चाललोय आपण?" त्यानं विचारलं.

"डावीकडे घे म्हणालात साहेब," ड्रायव्हर म्हणाला.

"मी?"

"हो साहेब. मघाशी चौकात."

"घर उजवीकडे आहे."

"हो साहेब."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं. हा प्रश्न आहे की खरडपट्टीची सुरुवात, याचा त्याला अंदाज येईना. "इतकी वर्षं रोज नेतोय की साहेब."

"मग वळलास कशाला?"

"तुम्ही म्हणालात ना," ड्रायव्हर म्हणाला. त्यात तक्रार नव्हती, विनोद नव्हता, काहीच नव्हतं. पाऊस पडला म्हणून छत्री उघडली, इतकं ते सरळ होतं.

त्याला राग यायला हवा होता. निदान हसू. पण आलं ते भलतंच. जिन्यात एक पायरी कमी निघाल्यावर होतं तसं झालं, आणि हातांचे तळवे गार पडले. डावीकडे म्हणालो आणि कळलंसुद्धा नाही. ठीक आहे, थकलोय. पण सकाळी? सकाळी आपण काय काय म्हणालो? तो मेजर जनरल होता. एक अख्खी डिव्हिजन त्याच्या शब्दावर उठत होती, बसत होती, आणि येत्या आठवड्यात तो लेफ्टनंट जनरल व्हायचा होता. म्हणजे अशा तीन डिव्हिजन, अख्खी कोअर. सैन्यात त्याला खांब म्हणत, मागून आणि प्रेमानं; उंचीमुळे आणि दुसऱ्या एका कारणामुळे. तरुणपणी तोफगोळे पडत असताना तो एका जागी उभा राहिला होता आणि त्याच्याकडे पाहून बाकीचे उभे राहिले होते. तेव्हा भीती वाटली नव्हती, असं लोक सांगत. वाटली होती. पण ती बाहेरून येणारी भीती होती, तिला आवाज होता, दिशा होती, गोळा कुठून येतोय ते कळत होतं. ही तशी नव्हती. ही आतून कुणीतरी दिवा विझवून गेल्यासारखी होती. त्यानं सकाळची खोली आठवायला घेतली. लांब टेबल, भिंतीवरचा नकाशा, पाण्याचे ग्लास, कागदांवर वाकलेली डोकी. सीमेवरच्या नदीचा विषय. नदीच्या दक्षिणेला आपण, उत्तरेला ते, मध्ये एक जुना लोखंडी पूल. गेले काही महिने दोन्हीकडच्या बंदुका एकमेकांकडे बघत गप्प बसल्या होत्या. उत्तरेच्या काठावर आपला एक बूट पडला तरी त्या बोलायला लागल्या असत्या. एक बटालियन पुलाच्या राखणीला पाठवायची होती. तो उठला होता, नकाशाशी गेला होता, आणि म्हणाला होता... त्याला आपला आवाज ऐकू आला. भारदस्त, सावकाश, एकेक शब्द सुटा. बटालियन पुलाच्या उत्तरेला ठाण मांडेल.

"गाडी थांबव," तो म्हणाला, आणि ड्रायव्हरनं रस्त्याच्या मधोमध थांबवली. मागच्या गाड्यांनी एकच कल्ला केला. "बाजूला घेऊन थांबव रे," तो ओरडला, आणि त्यानं फोन लावला.

ब्रिगेडियरनं पहिल्याच घंटीला उचलला. हा ब्रिगेडियर त्याच्याबरोबर कॅप्टन असल्यापासून होता. त्याची सही, त्याची खोकल्याची ढब, त्याचा चहा किती वेळात गार होतो, सगळं ब्रिगेडियरला ठाऊक होतं.

"मी सकाळी पुलाच्या उत्तरेला म्हणालो का?"

"हो सर."

"आणि तुम्ही लिहून घेतलंत?"

"हो सर. हुकूम गेले. बटालियन निघालीय."

"अहो, दक्षिणेला! उत्तरेला कशी जाईल? उत्तरेला ते आहेत!"

ब्रिगेडियरचा आवाज नेहमीपेक्षा हळू झाला. "थांबवतो सर."

"कुठवर पोचलेत?"

"पुढची तुकडी पुलाशी असेल. कदाचित पुलावर."

"कुणालाच कसं काही वाटलं नाही?"

"वाटलं सर. पण आम्हाला वाटलं, वरून काही आलं असेल. आम्हाला न सांगण्यासारखं. तुम्ही इतक्या ठामपणे म्हणालात."

तो गाडीत बसून राहिला. एका चपलांच्या दुकानासमोर गाडी उभी होती आणि आत एक बाई लहान मुलीच्या पायात एकामागून एक बूट घालून बघत होती, मुलगी प्रत्येक बुटाला नाही नाही म्हणून मान हलवत होती. त्याला त्या मुलीचा हेवा वाटला. फोन मांडीवर. पुलावरचे लोक त्याला दिसत होते. पोरंच ती, पाठीवर ओझी, पुढच्याच्या टाचांकडे बघत चाललेली, पुलाचे लोखंडी पत्रे पायाखाली वाजत असणार, आणि पलीकडच्या काठावर कुणीतरी दुर्बीण डोळ्याला लावून श्वास रोखलेला. त्यांनाही ठाऊक असणार की हे चुकतंय. सुभेदाराला तर नक्कीच ठाऊक असणार. पण साहेबांचा हुकूम. साहेब म्हणालेत ना. एका माणसाची जीभ घसरली आणि तिथून ती चूक शब्दाशब्दानं, सहीसहीनं, सलामासलामानं खाली उतरत गेली, वाटेत कुणी तिला हात केला नाही, आणि आता ती त्या पुलावर बूट वाजवत चालली होती. त्यानं काच खाली केली. ड्रायव्हर मान न वळवता समोर बघत होता. त्या मानेवरचे बारीक कापलेले केस बघत तो किती वेळ बसला कोण जाणे. फोन वाजला.

"वळवले सर," ब्रिगेडियर म्हणाला. "पुलाच्या मध्यावर होते. काही झालं नाही. तिकडून काही हालचाल नाही."

त्यानं डोळे मिटले.

"आणि सर," ब्रिगेडियर मायेनं म्हणाला, "काळजी करू नका. हुकुमात आधीपासून दक्षिणच होतं, असं करून घेतलंय. वर कुणाला पत्ता नाही."

त्यानं थँक्यू म्हटलं. फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की सगळ्यात भीतिदायक वाक्य हेच होतं. चूक झाली, आणि तिचा मागमूसही राहिला नाही. उद्या आपण विचारलं असतं, मी असं म्हणालो का, तर सगळ्यांनी खाली मान घालून सांगितलं असतं, छे सर, तुम्ही कुठं.

घरी बायको दारातच होती. "अहो, किती उशीर! शिंपी ताटकळलाय बिचारा. जेवण नंतर, आधी ते माप देऊन टाका." शिंपी म्हातारा होता, तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय. नवा कोट अंगावर चढवून त्यानं मागून पुढून पाहिलं, दोन बोटांनी पाठीला टोचलं आणि म्हणाला, "साहेब, डावा खांदा पडलाय. सरळ उभे राहा." बायको कसनुशी झाली. पण त्याला त्या म्हाताऱ्याला मिठी मारावीशी वाटली. तो सरळ उभा राहिला. आरशात एक उंच, करड्या केसांचा, रुबाबदार माणूस उभा होता. त्या माणसाच्या डोक्यात काय चाललंय हे बाहेरून कळायला काहीही मार्ग नव्हता.

त्यानंतरचे दिवस तो स्वतःवर पाळत ठेवून राहिला. न्हाणीघरात दार लावून सगळ्या बटालियनच्या प्रमुखांची नावं ओळीनं म्हणायचा, आणि एखादं अडकलं की आरशाकडे पाहायचं टाळायचा. किल्ल्या ठेवताना 'किल्ल्या टेबलावर' असं पुटपुटायचा. तोंड उघडायच्या आधी प्रत्येक शब्द जिभेवर वजन करून बघायचा, उजवं ना, उजवंच, आणि मग बोलायचा. त्यामुळे त्याचं बोलणं फार सावकाश झालं. याचा परिणाम असा की लोक जास्तच दबले. मोठ्या हुद्द्याला साजेसा पोक्तपणा आलाय, असं कुणीतरी बायकोला म्हणालं आणि तिनं ते कौतुकानं त्याला सांगितलं. तिला सांगावं असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण ती तेव्हा समारंभाला कुणाकुणाला बोलवायचं ते ठरवत होती, चष्मा डोक्यावर सरकवलेला, चेहरा मुलीसारखा उजळलेला. इतक्या बदल्या, इतकी घरं, इतक्या शाळा बदलणारी मुलं, सगळं तिनं या एका दिवसाकडे बघत काढलं होतं. तो म्हणाला, "पंखा कमी कर गं जरा."

मग एका दुपारी तो कुणालाही न सांगता, साध्या कपड्यांत, थोरल्या बहिणीकडे गेला. ताई टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन दोन खोल्यांच्या घरात एकटीच राहत होती. ती उशांच्या अभ्र्यांना इस्त्री करत होती. त्याला पाहून तिनं "ये" म्हटलं आणि काम चालूच ठेवलं. गरम कापडाचा वास खोलीत भरला होता.

"ताई, बाबांचं नेमकं कधी कळलं गं?"

"कशाचं?"

"विसरायला लागले त्याचं."

तिनं इस्त्री उभी करून ठेवली. "तुला काय झालंय?"

"काही नाही. असंच विचारलं."

"तू असंच कधी आला आहेस का इथं? मागच्या वेळी आलास तेव्हा चार जीपगाड्या होत्या आणि शेजारणीला वाटलं मला अटक झाली." ती हसली नाही. "दवाखान्यात कळलं. एका बाईच्या पोराला औषध द्यायचं होतं. बाबांनी बाटलीला डोसाची कागदी पट्टी लावली, आणि चमचे भलतेच सांगितले. ती बाई अशी ओरडली! अहो कंपाउंडर, पोर मारता का माझं? रांगेतले सगळे हसले. डॉक्टर बाहेर येऊन बोलले त्यांना, सगळ्यांदेखत. घरी आले ते लाल होऊन. म्हणाले, लोकांना माणसाची किंमत नाही."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तू सीमेवर होतास. मग न्हाव्यानं सांगितलं, काका कालच कापले की केस. मग वाण्यानं. कुणी ना कुणी येताजाता टोकायचंच त्यांना. म्हणून तर इतक्या लवकर कळलं. डॉक्टरांनी कामावरून काढलं तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, बरं झालं. कुणाचं पोर तरी नाही गेलं."

तो अभ्र्याच्या कडेवरचा दोरा ओढत राहिला. बाबा त्याला दिसले. बाकावर बसलेले, पांढरा सदरा, हात मांडीवर उताणे. जणू कुणीतरी त्यातलं काहीतरी काढून घेतलंय आणि ते परत मिळायची वाट बघतायत. शेवटी शेवटी ते त्याला सलाम करायचे. मुलगा म्हणून ओळखायचे नाहीत, पण गणवेश ओळखायचे. तेव्हा ते त्याच्याच आताच्या वयाचे होते, फार तर थोडे मोठे.

"तुला कोण टोकतं रे?" ताईनं विचारलं.

त्यानं ओढलेला दोरा बोटाला गुंडाळला.

"मी टोकीन. पण मी काही तुझ्या त्या नकाशांच्या खोलीत नसते. डॉक्टरला दाखव."

"दाखवतो. एवढा समारंभ होऊ दे."

"का? खांद्यावर नवं काही लागलं की डोकं पण नवं मिळतं का?"

जिना उतरताना त्याला एक कल्पना सुचली आणि ती सुचल्याबरोबर इतकं हलकं वाटलं की तो दोन दोन पायऱ्या उतरला. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत तो नकाशाशी उभा राहिला आणि त्यानं, प्रत्येक शब्द तोलून, जाणूनबुजून चुकीचं सांगितलं. इंधनाचा सगळा साठा टेकडीच्या पुढच्या उतारावर हलवा. पुढचा उतार, म्हणजे शत्रूच्या तोफांच्या अगदी डोळ्यांसमोर. एखाद्या कॅडेटनं म्हटलं असतं तर त्याला मैदानाला फेऱ्या माराव्या लागल्या असत्या. टेबलाभोवती पेनं चालायला लागली. तोफखान्याच्या कर्नलचं पेन जरासं अडखळलं, त्यानं वर पाहिलं, आणि पुन्हा लिहू लागला. त्या खरखरीचा आवाज ऐकताना त्याच्या अंगावर काटा आला. आपण म्हणालो, या इमारतीला आग लावा, तर हे विचारतील, कोणत्या मजल्यापासून.

"कुणालाच काही म्हणायचं नाही?" त्यानं विचारलं.

पेनं थांबली.

"मी आता जे सांगितलं ते शुद्ध वेडेपणाचं आहे. मुद्दाम सांगितलं. आणि तुम्ही सगळ्यांनी लिहून घेतलंत. आजपासून या खोलीत मी चुकलो तर जो ऐकेल त्यानं तिथल्या तिथं बोलायचं. हा माझा हुकूम आहे."

आणि सगळी खोली हसली. सुटकेचं, शरमेचं हसू. तोफखान्याचा कर्नल कपाळाला हात लावून म्हणाला, "सर, म्हणजे परवाचं ते पुलाच्या उत्तरेला... तीही परीक्षाच होती तर!"

सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे वळली. ब्रिगेडियरनं नाही पाहिलं. तो आपल्या कागदांकडे बघत राहिला. 'नाही, परीक्षा नव्हती' असं म्हणायला खांबाला एवढा वेळ पुरेसा होता. त्यानं फक्त स्मित केलं. आणि त्या स्मितासरशी पुलावरची ती दुपार, ते गार तळवे, तो मासा, सगळं सगळं एका हुशार म्हाताऱ्याची करामत होऊन गेलं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या मुख्यालयात गोष्ट पसरली. खांबानं सगळ्यांची कशी जिरवली! त्या दिवसांत पहिल्यांदाच तो पोटभर जेवला.

समारंभ थाटात झाला. सेनाप्रमुखांनी एका खांद्यावर नवं चिन्ह लावलं, दुसऱ्या खांद्यावर बायकोनं. घाईत पिन त्याला थोडी टोचली. बँड वाजला. सेनाप्रमुख त्याच्या कानाशी येऊन म्हणाले, "आता वर फक्त मी आहे. आणि मलाही फारसं कुणी सांगत नाही." दोघंही हसले. हसता हसता त्याच्या मनात आलं, हे विनोदानं म्हणाले का? त्यांच्या डोळ्यांत पाहायला गेला तोवर ते पुढच्या माणसाचा हात हातात घेत होते.

कोअरच्या प्रमुखाची खोली त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर होती. टेबल जास्त लांब, नकाशा जास्त मोठा, माणसं बरीचशी तीच. ब्रिगेडियरला त्यानं आपल्याबरोबर वर नेलं होतं. सीमेवरचं वातावरण त्या आठवड्यात बिघडलं होतं. उत्तरेच्या काठावर रणगाडे दिसले होते. पहिलीच बैठक, आणि ती खरी बैठक होती, सगळ्यांचे चेहरे ओढलेले. तो मात्र शांत होता. त्याला सगळं स्वच्छ दिसत होतं. नदी, पूल, पश्चिमेची खिंड, खिंडीवर बसलेली डोंगरी बटालियन. तो सफाईनं बोलत गेला. त्यांनी पूल ओलांडायचा प्रयत्न केला तर डोंगरी बटालियन खिंडीतून उतरेल आणि बगलेतून त्यांच्यावर तुटून पडेल. सगळा डाव त्या बटालियनवर. त्याला आपला आवाज आवडला. कितीतरी दिवसांनी तो शब्द न तोलता बोलत होता.

"सर," दळणवळण विभागाची कर्नल म्हणाली. ती टेबलाच्या टोकाला बसली होती. तिनं हात वर केला होता, शाळेत करतात तसा. "डोंगरी बटालियन खिंडीत नाही. आपण ती मागे बोलावली. समारंभाच्या आदल्या दिवशी. खिंड रिकामी आहे."

आणि टेबलभर हसू पसरलं. ओढलेले चेहरे सैल झाले. "या वेळी नाही सापडलो सर," तोफखान्याचा कर्नल म्हणाला. कुणीतरी हळूच टेबलावर टिचकी मारली. कर्नल बाई लाजून हसली. पहिलं बक्षीस तिला मिळालं होतं.

त्यानं नकाशाकडे पाहिलं. खिंडीवर काहीच नव्हतं. चिन्ह नव्हतं, टाचणी नव्हती, फक्त तपकिरी रंगाच्या रेषा. पण त्याला ती बटालियन दिसत होती. आता, या क्षणी, तिथं, तंबूंसकट. त्यानं समारंभाचा आदला दिवस आठवायचा प्रयत्न केला. सकाळी दाढी. मग? मग पिन टोचली तो दिवस. मध्ये काही नव्हतं. भिंतीला हात लावावा आणि भिंतच नसावी, तसं. घामाचा एक थेंब मानेवरून कॉलरच्या आत उतरला. सगळे कौतुकानं त्याच्याकडे बघत होते. फक्त हसायचं होतं. शाबास म्हणायचं होतं. मग ब्रिगेडियर बाकीचं सांभाळून घेईल, आजही, उद्याही, आणखी कितीतरी वर्षं, प्रेमानं. आणि एखाद्या दिवशी हात वर करणारी ही बाई रजेवर असेल.

"ही परीक्षा नव्हती," तो म्हणाला.

हसू तसंच राहिलं. काहींचं वाढलंच. ते वाट बघत होते की पुढचा डाव काय. त्याला कळलं की आपणच बांधलेल्या भिंतीआड आपण उभे आहोत आणि पलीकडे काही ऐकू जात नाही.

"ऐका माझं," तो म्हणाला. आवाज फाटला. खांबाचा आवाज फाटलेला तिथं कुणी ऐकला नव्हता. "मला आठवत नाही. बटालियन मागे बोलावल्याचं मला आठवत नाही. पुलाच्या वेळीही परीक्षा नव्हती. मी चुकलो होतो, आणि तुम्ही हसलात तेव्हा मी गप्प बसलो. आमच्या बाबांचं असंच सुरू झालं होतं."

एकेक चेहरा विझत गेला. तोफखान्याच्या कर्नलचा हात टेबलावरच राहिला. कुणाला कुठं बघावं ते कळेना. ब्रिगेडियरनं मात्र आता वर पाहिलं, सरळ, आणि त्याचे डोळे भरलेले होते; त्याला हे कधीपासून ठाऊक होतं कोण जाणे.

"हुकूम तुम्ही द्या," तो ब्रिगेडियरला म्हणाला. "आत्तापासून. मी सेनाप्रमुखांना फोन करतो. पण आधी खिंडीचं बघा. खिंड रिकामी ठेवू नका."

ब्रिगेडियर उठला. एरवी तो 'हो सर' म्हणाला असता. "राखीव बटालियन पाठवतो," तो म्हणाला, "पण तुम्ही बसून घ्या आधी. बसा." तो बसला. प्रमुखाच्या खुर्चीवर नाही. भिंतीशी एक साधी खुर्ची होती, तिच्यावर. भीती गेली नव्हती, उलट आता ती उघड्यावर येऊन बसली होती आणि सगळ्यांना दिसत होती. ब्रिगेडियर भराभर बोलू लागला, पेनं चालू लागली, आणि मध्येच तोफखान्याचा कर्नल म्हणाला, "थांबा, तो रस्ता वाहून गेलाय, ट्रक जाणार नाहीत," आणि दोघांची जुंपली. कर्नल बाई तेवढ्यात आपली खुर्ची ओढून त्याच्या शेजारी येऊन बसली. तिनं छोटा नकाशा त्याच्या गुडघ्यांवर पसरला.

"सर, ही नदी," ती हळू आवाजात म्हणाली, "हा पूल. आपण इथं, दक्षिणेला. खिंड इकडे."

त्यानं तिच्या बोटाकडे नीट पाहिलं.

"पुन्हा सांगा," तो म्हणाला.